राख दुसऱ्यांदा जळत नाही

घनश्याम कटरे खाटेवर आला आणि आपल्या पायांनी घरी गेला. त्या हंगामात सालेकसा ते दरेकसा पट्ट्यात गावोगाव एवढंच वाक्य फिरत होतं, आणि ज्याच्या तोंडी जाई त्याच्या तोंडून थोडं वाढूनच बाहेर पडे. कुणी म्हणे चालत गेला, कुणी म्हणे धावत गेला. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेपर्यंत तर तो नाटकवाल्यांच्या मांडवात नाचूनही आला होता. पाहणारे तसं शपथेवर सांगत होते आणि न पाहणारे त्याहून मोठ्या शपथेवर.

त्यामुळे त्या गुरुवारी भभूतबाबाच्या धुनीभोवती मुंगीला वाट नव्हती. रुळांपलीकडे मोहाच्या झाडांखाली मोटारसायकली, ऑटो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. ट्रॉल्यांत तणीस अंथरून आणलेले म्हातारे, आयांच्या कडेवर घरघरणारी पोरं. मधोमध बाबा बसलेला. वाघाच्या कातड्यावर नव्हे, वाघाचं चित्र असलेल्या ब्लँकेटवर. समोर धुनी, बाजूला कागदी पुड्यांची टोपली, आणि ओठांना चिकटवलेला माइक.

"ना सुई, ना गोळी! बाबाची राख, रोगाची होळी!" अर्धं हिंदी, अर्धं मराठी, मध्ये मध्ये ‘बम बम’. "डॉक्टर क्या करता है? रोग दाबते. मैं क्या करता हूं? रोग जाळतो! दाबलेला रोग उठते. जळलेला उठते का?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"लेकिन बिना नियम का देव नाही. पुडीत काय आहे ते विचारायचं नाही. डॉक्टरची दवाई घ्यायची नाही. आणि पुडीत खाडा पाडायचा नाही. खाडा पडला का..." बाबाने डोळे मिटले, माइक खाली केला आणि नुसत्या श्वासाने म्हटलं, "कोप."

कोपाचा पुरावाही हजर होता. चंदा नावाची एक बाई ट्रॉलीत निपचित पडलेली. भावाच्या लग्नाच्या धामधुमीत तिची पुडी राहिली, आणि लग्नघरातूनच तिला उचलून आणावं लागलं. ओठ पांढरे, हातपाय गार, तोंडातून शब्द नाही. बाबाने पुडी पाण्यात कालवून तिच्या तोंडात ओतली आणि दरबार चालू ठेवला. ऊन कलताना चंदा उठून बसली आणि तिने पेज मागितली. बायांनी जमिनीवर डोकी टेकली.

गर्दीच्या कडेला दामिनी उभी होती. तिने डोकं टेकलं नाही, पण चंदावरून तिची नजर हटेना.

दामिनी बी.ए. झालेली. लग्न झालं, पोर झालं आणि मग तिने हट्टाने गोंदियाच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये नाव घातलं. आठवडाभर हॉस्टेल, शनिवारी गाडीने घर. मागे गुड्डू सासूपाशी. या वेळी मध्येच सुट्टी मिळाली म्हणून ती न कळवता आली, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "तुही सासू पोराले घेऊन धुनीवर गेली. दर गुरवारी जाते नं वो. तुले माहीत नाही?"

तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की दिवाळीपासून पोराचा दमा थांबला आहे. मळणीत धान चुरायच्या दिवसांत, हवेत कोंडा उडत असताना, ज्या पोराच्या बरगड्या दर श्वासाला आत जायच्या, तो आता अंगणभर धावत होता. तोंड गोल झालं होतं, गाल लाल. पोट सुटलं होतं. ताटातलं संपलं की दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा. दर शनिवारी ती त्याला उचलून घ्यायची, सुखावायची, आणि त्या सुखातच काहीतरी टोचायचं. गाल एवढे भरले, मग पाय का काड्यांसारखेच? कपाळावर ही बारीक लव कुठून आली? पण सगळं गाव म्हणत होतं, पोरावर तेज चढलं. आई असून तिनेच तेजाला नाव ठेवायचं म्हणजे दृष्ट लावणंच झालं.

आता गुड्डू बाबाच्या मांडीशी उभा राहून पुडी चाटत होता आणि सासू, सुलोचनाबाई, हात जोडून बसली होती.

दामिनी गर्दीतून वाट काढत पुढे गेली. "यात काय आहे, महाराज?"

गर्दीत कुजबुज उठली. बाबाने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"नर्सबाई का? पोट्टं हासून राहिलं, तं तुले राग येऊन राहिला?"

लोक हसले.

"राग नाही. नाव विचारून राहिली."

"राखेचं नाव राख! तुम्हा लोकांच्या गोळ्यांना नावं लागतात, कारण तुम्हाला बिल फाडायचं असतं!"

आता गर्दी पोट धरून हसली. सगळ्यात मोठ्याने हसला घनश्याम कटरे, तोच खाटवाला. दामिनीने पोराला कडेवर घेतलं आणि ती चालू लागली. मागून बाबाचा माइक म्हणाला, "खाडा नको पाडू, बाई. मग माझ्या नावाने रडायचं नाही."

सुलोचनाबाई मागोमाग घरी आली. दार उघडल्यावर भडका उडाला.

"दम्याचा पंप कुठी आहे त्याचा, माय?"

"ठेवला फळीवर."

"दोन महिने झाले देत नाही?"

"पंपाची सवय लागते म्हणे."

"कोण म्हणे?"

"सारेच म्हणतात. मोठमोठे म्हणतात."

"अन् राखेची नाही लागत?"

"राख देवाची हाये वो!"

"राखेनं दमा थांबते, तं आपल्या चुलीची काऊन नाही चारली?"

"आपल्या चुलीवर का बाबा बसते?" सुलोचनाबाईने बिनतोड उत्तर दिलं आणि मग तिचा आवाज फाटला. "तू तिकडं होस्टेलात. इथं पोट्टा माह्या मांडीवर निळा पडे. मी का करू? ज्यानं त्याले श्वास देल्ला, त्याचे पाय धरले. चुकलं का माहं?"

दामिनी फळीकडे वळली. तिने फळीवरचा पुड्यांचा गठ्ठा उचलला आणि सगळा चुलीत टाकला.

कागद भुर्रकन जळाला. पण राख? राख जळली. आधी पिवळी, मग तपकिरी झाली, फुगली, बुडबुडली, काळी पडली, आणि घरभर करपलेल्या साखरेचा वास सुटला. दामिनी बघत राहिली. काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं, पण काय, ते तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुड्डू खेळायला गेला नाही. थंडीने कणकण आली असेल म्हणून तिने पांघरूण घातलं. त्यानंतरच्या दिवशी त्याला ताप भरला, उलट्या सुरू झाल्या, आणि दुपारी तो तिच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखा लोंबला. हाक मारली तर डोळे उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. हात गार होते. छाती मात्र मोकळी होती, घरघर नव्हतीच. हा दमा नव्हता.

हे चंदाचंच दुखणं होतं. तेच पांढरे ओठ होते.

अंगणात बाया जमल्या. "कोप झाला नं वो." "पुडी जाळते का कोणी?" "शिकल्या सवरल्या बायाच घर बुडवते." सुलोचनाबाई शेजारून मागून एक पुडी घेऊन आली. तळहातावर पुडी, डोळ्यांत पाणी.

"दामिनी, पाया पडतो तुह्या. दे त्याले. उठन तो. चंदा उठली नं? डोळ्यानं पाह्यलं नं तू?"

पाहिलं होतं. तेच तर होतं. त्या क्षणी जगातली कोणतीही आई जे करील तेच तिच्या हाताने केलं. तो पुढे झाला आणि पुडी घेतली. मग तिला नर्सिंगच्या पहिल्या महिन्यात, रोज सकाळी, पोपटासारखं म्हणायला लावलेलं वाक्य आठवलं. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. नाव माहीत नसलेलं औषध हातातून रुग्णाच्या तोंडात जाता कामा नये, मग ते कुणीही दिलेलं असो. मुली त्याची टिंगल करायच्या. जेवायला बसल्या की योग्य भात, योग्य वरण.

तिने पुडी पदराच्या गाठीत बांधली. "ओमेश, गाडी काढा!"

नवरा राइस मिलच्या ट्रकवर होता, त्या दिवशी नशिबाने घरी होता. मोटारसायकलवर मध्ये पोर, मागे दामिनी, आणि कुणी बोलावलं नसताना तिच्याही मागे चढलेली सुलोचनाबाई. बाया ओरडत होत्या, "मरायले नेऊन राहिली पोराले!"

गोंदियाच्या सरकारी रुग्णालयात बालरोग विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी पोराचं तोंड पाहिलं, पोट पाहिलं, पायांच्या काड्या पाहिल्या. साखर तपासली, ती तळाला गेलेली. रक्तदाब लागत नव्हता.

"काय औषध चालू होतं?"

"राख," दामिनी म्हणाली. हा शब्द तिथे, त्या पांढऱ्या उजेडात, तिच्या तोंडून निघाला आणि तिला धरणी ठाव देईना. तिने पदराची गाठ सोडून पुडी पुढे केली. "ही. दोन महिने. मी एकदम बंद केली."

डॉक्टरीणबाईंनी पुडी हुंगली, बोटाने जिभेला लावली, थुंकली. "कडू. राख कडू नसते." मग सिस्टरकडे वळून त्यांनी एका इंजेक्शनचं नाव, मात्रा, शिरेतून, आत्ता, असं तीन श्वासांत सांगितलं. सिस्टरने ते सगळं त्यांना परत म्हणून दाखवलं, पोराच्या हातावरचं नाव पाहिलं आणि मगच सुई टोचली. दामिनीला आयुष्यात कुठल्या आरतीने एवढा धीर आला नव्हता.

दिवे लागेपर्यंत गुड्डूने डोळे उघडले आणि बिस्किट मागितलं.

सुलोचनाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "चंदासारखाच उठला."

"अगदी तसाच उठला, आजी," मागून आवाज आला. अल्का मॅडम आल्या होत्या, दामिनीच्या शिक्षिका. औषधशास्त्र त्याच शिकवायच्या. "कारण औषध तेच आहे. इंजेक्शनात स्टेरॉइड होतं. तुमच्या बाबाच्या पुडीतही बहुधा तेच आहे, गोळ्या कुटून."

"म्हणजे बाबाची दवा खरीच?"

"दवा खरी. बाबा खोटा."

सुलोचनाबाईला हे पटेना. मॅडम तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. "तुमच्या शेताला पाणी साठवायची बोडी आहे ना?"

"हाये. लहानशी."

"समजा कालव्याचं फुकट पाणी धो-धो यायला लागलं. बोडीची पाळ कोण बांधेल? गाळ कोण काढेल?"

"कोणी नाही."

"बोडी बुजते. मग एका दिवशी कालवा पटकन बंद."

"धान वाळन. सारं."

"तसंच. अंगात मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात. अंगाला लागतं तेवढं स्टेरॉइड त्या स्वतःच बनवतात. बाहेरून रोज ओतलं की त्या झोपतात. अचानक थांबवलं की अंग कोरडं पडतं. ताप आला, उलटी झाली की माणूस कोसळतो. तुमचा कोप तो हाच. बाबा कोप उतरवत नाही, आजी. त्यानेच तो अंगात पेरलेला असतो."

"अन् गालावरचं तेज?"

"सूज. आणि मांडीपायांतलं मांस झडतं. पोर गुबगुबीत दिसतं आणि आतून पोकळ होतं. दमा थांबतो हे खरं, दामिनी सांगते त्या घनश्यामची गुडघेदुखी थांबली हेही खरं. वर हाडं ठिसूळ, साखर वर, जंतूंना दार उघडं."

सुलोचनाबाईने गुड्डूच्या पायांच्या काड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "अन् पंपात?"

"पंपातही त्याच जातीचं असतं. पण राईएवढं, आणि थेट छातीत. अंगभर नाही. मात्रा आणि मार्ग, एवढाच फरक. पंपाची सवय लागेल म्हणून तुम्ही घाबरलात, आणि जिची खरोखर सवय लागते ती पुडी चाटवलीत."

सुलोचनाबाईने पदर तोंडात कोंबला. दामिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला, कारण मॅडम दामिनीकडेही बघत होत्या. पुडी थांबवायलाच हवी होती, पण एका दिवसात नव्हे, पायरी पायरीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली. ते तिला कुणी म्हणून दाखवायची गरज नव्हती.

"माय," ती थोड्या वेळाने म्हणाली, "चुलीतली राख पुन्हा चुलीत टाकली तं काय होते?"

"का होईन? राखच राहाते. जळलेलं का दुसऱ्यांदा जळते?"

"मग मी पुड्या टाकल्या त्या काऊन जळल्या?"

सुलोचनाबाईने मान वर केली. जन्मभर चूल फुंकलेली बाई होती ती. तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुडी तपासणीला पाठवली, औषध प्रशासनाला कळवलं. ते आपल्या गतीने येणार होते. बाबाची गती मात्र वाढली होती. ओमेश गावाकडून बातमी घेऊन आला. नर्सबाईने पोर दवाखान्यात नेल्याचं ऐकून बाबाला ‘आदेश’ झाला होता. येत्या गुरुवारी शेवटचा दरबार, मग डेरा छत्तीसगडात.

"जाऊ दे नं," ओमेश म्हणाला. "बला टळली."

"बला टळली?" दामिनी उठून उभी राहिली. "अहो, शेकडो लोक रोज पुडी घेऊन राहिले. बाबा गेला का साऱ्यांची पुडी एकाच आठवड्यात संपन. सारे गुड्डू होतील. अन् मरताना म्हणतील, बाबा रुसला!"

गुरुवारी पोराला नवऱ्यापाशी सोडून ती सकाळच्या गाडीत बसली. सोबत अल्का मॅडम होत्या. त्यांनी फोनाफोनी करून आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि औषधांची गाडी गावच्या शाळेच्या पटांगणात आणायला लावली होती. आणि सुलोचनाबाई. तिच्या पिशवीत काय आहे ते ती सांगत नव्हती.

शेवटचा दरबार म्हणून दुप्पट गर्दी होती. बाबाच्या टोपल्या तिप्पट.

"आज जेवढी पाहिजे तेवढी घेऊन जा! फिर मत कहना..." बाबाने दामिनीला पाहिलं आणि माइकवर हसला. "आली आली, नर्सबाई आली! का हो, पोरगा आहे का?"

"आहे," दामिनी म्हणाली. "बिस्किट खाऊन राहिला. महाराज, पाच गोष्टी विचारतो. नर्सच्या पहिल्या महिन्याचा अभ्यास आहे, तुम्हाले तं सहज जमेल. या पुडीतल्या औषधाचं नाव काय?"

"राख!"

"मात्रा? माझ्या चार वर्षांच्या पोराले अन् घनश्यामभाऊले एकच पुडी कशी?"

"देवाच्या दरबारात लहान-मोठा नाही!"

"रोग कोणता? दम्याले हीच, गुडघ्याले हीच, खाजेले हीच?"

"एक देव, एक दवा!" टाळ्या पडल्या. बाबाला आता मजा येऊ लागली होती. "आणखी दोन राहिले ना? विचार, विचार."

"ते राहू द्या," सुलोचनाबाई म्हणाली आणि पुढे आली. गर्दी चपापली, कारण ही बाबाची जुनी भक्तीण. "मी विचारतो. ही राख या धुनीची नं, महाराज?"

"इसी की. अखंड धुनी की."

"शपथ?"

"शपथ!"

सुलोचनाबाईने पिशवीतून घरच्या दोन लोखंडी पळ्या काढल्या. एकीने धुनीतलीच राख उचलली. दुसरी पळी गर्दीपुढे धरली. "यात कोणी आपली पुडी टाका. आत्ता घेतलेली. माही नको, नर्सबाईची नको."

कुणी हलेना. बाबा ओरडला, "विटाळ! धुनीला बाईचा हात लागला!" पण घनश्याम कटरे चेकाळला होता. आपल्या बाबाची परीक्षा पाहते म्हणजे काय? तो ताडताड पुढे आला आणि त्याने आपली पुडी पळीत रिकामी केली. "घे! पाह्य आता! तोंड काळं होईन तुह्यं!"

दोन्ही पळ्या धुनीच्या निखाऱ्यावर टेकल्या. पहिल्या रांगेतली माणसं वाकली, मागची त्यांच्या खांद्यांवर चढली.

एका पळीतली राख राखच राहिली. दुसरीतली पिवळी झाली, मग फुगली आणि बुडबुडली, तिच्यातून धूर निघाला, आणि खवा करपल्यासारखा वास गर्दीभर पसरला. शेवटी पळीच्या बुडाला काळं, चिकट डांबर उरलं.

मग बाबाने हात वर फेकले. "चमत्कार! पुडीत काली प्रकटली! काली मैया की..."

"जय" कुणी म्हटलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "काली या पळीत प्रकटली, तं त्या पळीत काऊन नाही गा? धुनी तं एकच हाये म्हणते."

पहिला हसला तो कोण ते कळलं नाही, पण मग हसू थांबेना.

"राख दुसऱ्यांदा जळत नाही," दामिनी ओरडून म्हणाली. "घरोघरी चुली आहेत, तुम्हाले हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जळली ती गोळ्यांची पूड. गोळीत साखरेसारखं, पिठासारखं काही मिसळलेलं असते, ते करपलं. रंगापुरती राख टाकली. विचारा याले!"

विचारायला कुणी थांबलं नाही. चार पोरं बाबाच्या पाठीमागच्या ताडपत्रीआड घुसली आणि बाहेर आली ती एक मिक्सर घेऊन, ज्याच्या भांड्याला पांढरी पूड चिकटलेली, आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांनी भरलेलं पोतं. अल्का मॅडमनी एक पट्टी उलटून वाचली. "स्टेरॉइड. आणि ही दुसरी, दुखणं दाबायची. रोग कोण दाबतं म्हणाला होतात, महाराज?"

महाराज ब्लँकेट सोडून स्टेशनच्या वाटेला लागले होते. वाटेत त्यांची जटा बाभळीला अडकून राहिली आणि खाली नीट कापलेले केस निघाले. एका ऑटोवाल्याने ओळखलं. "अरे, हा तं इंद्रकुमार! औषधाच्या दुकानात काउंटरवर होता नं बे तू?" लोक धावले. मॅडम त्याच्या आणि लोकांच्या मध्ये उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही. पोलिसांना फोन केलाय. याला जिवंत उभं करायचंय, लोकांसमोर."

मग संताप पुड्यांकडे वळला. "जाळा रे सारं!" टोपल्या धुनीकडे निघाल्या. खिशातल्या, पदरातल्या पुड्या लोक फेकू लागले.

आणि दामिनी धुनीपुढे हात पसरून उभी राहिली.

"जाळू नका!"

"आं?" घनश्याम भडकला. "आताच तं म्हणली जहर आहे! बयाड झाली का?"

"मी जाळली होती. एका दिवसात बंद केली. माझं पोरगं मरता मरता राहिलं!" तिचा आवाज चिरकला, पण ती बाजूला झाली नाही. "हीच तं याची खरी करामत आहे. घेतली तं अंग पोखरते, सोडली तं अंग पाडते. पुडी फेकली अन् पडले, तं तुम्हीच म्हणाल बाबा खरा होता! मी नाही म्हणू देणार. आपापली पुडी हातात घ्या अन् शाळेच्या पटांगणात चला. डॉक्टर बसले आहेत. किती दिवस घेतली ते सांगा, लपवू नका. ते बरोबर गोळी देतील, मोजून, अन् हळूहळू उतरवतील."

चंदा सगळ्यांत आधी वाकली आणि फेकलेली पुडी मातीतून उचलून घेतली. "मी पडून पाह्यली हाये," ती म्हणाली. "मी जातो."

तिच्यामागे बाया निघाल्या. मग ट्रॉल्यांतले म्हातारे. घनश्याम मात्र तिथेच उभा होता.

"नर्सबाई, खरं सांगजो. हे उतरवलं का माहे गुडघे?"

दामिनीला खोटं बोलता आलं असतं. बरे होतील म्हटलं असतं तर तो लगेच चालू लागला असता.

"दुखतील," ती म्हणाली. "पहिल्यासारखे दुखतील, भाऊ. औषध आहे, शेक आहे, व्यायाम आहे. पण नाचता नाही येणार."

"बाबा तं नाचशीन म्हणे."

"म्हणूनच तो बाबा अन् मी नर्स."

घनश्यामने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग जमिनीवर थुंकला, रिकामा कागद चुरगाळून खिशात घातला आणि पटांगणाच्या वाटेला लागला. सुलोचनाबाई त्याला हात द्यायला गेली, तर म्हणाला, "सोड वो. अजून चालता येते."

गुड्डू आठवड्याभराने घरी आला. त्याची गोळी दर काही दिवसांनी थोडी थोडी कमी होते. हवेत कोंडा उडाला की छाती घरघरते, आणि सुलोचनाबाई पंप त्याच्या तोंडाला लावून स्वतःचाच श्वास रोखून उभी राहते. यात चमत्कार नाही. त्यावर टाळ्या पडत नाहीत, ट्रॉल्या भरून माणसं येत नाहीत. पोर मात्र सकाळी उठतं आणि कोंबड्यांमागे धावतं.

उद्या दुसऱ्या झाडाखाली दुसरी धुनी पेटेल. तिथे बसणारा राखेऐवजी तेल देईल, मुळी देईल, मंतरलेलं पाणी देईल. तो म्हणेल, नाव विचारू नका. विचारा. किती, कशासाठी, किती दिवस, थांबवलं तर काय होईल, हेही विचारा. आणि आधीच घेत असाल तर शरमेने लपवू नका, रागाने एकदम फेकू नका. उघडी पुडी डॉक्टरपुढे ठेवा. औषधाला प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. फसवणुकीला विचारला की ती कोपाची धमकी देते. दोन्ही ओळखायला एवढी एकच खूण पुरते.